अंतराळात धोबीघाट नाही!

गिरणगावकरांनो, अंतराळवीर म्हटलं की जाडजूड पांढरा सूट आठवतो ना? तो फक्त अंतराळ स्थानकाबाहेर पडताना. आत साधे सुती टी-शर्ट, हाफ पँट, पायांत मोजे. बूट व्यायामापुरते. पँटवर वेल्क्रोच्या पट्ट्या, नाहीतर पेनसुद्धा तरंगत जातं.

खरी गंमत धुण्याची. पाणी जपायचं, म्हणून वॉशिंग मशीनच नाही. महालक्ष्मीचा धोबीघाट तर लांबच! कपडे बरेच दिवस वापरायचे, मग कचऱ्यासोबत मालवाहू यानात कोंबायचे. ते यान वातावरणात शिरताना जळून जातं.

जून २०२४मध्ये अंतराळवीर सुनीता विल्यम्स स्थानकावर आठेक दिवसांसाठी गेल्या, परतल्या थेट मार्च २०२५मध्ये. त्यात लघवीचं पाणी करणाऱ्या यंत्रणेचा पंप न्यायचा होता, म्हणून त्यांची कपड्यांची बॅगच पृथ्वीवर राहिली! ऑगस्टमध्ये मालवाहू यान येईपर्यंत त्यांनी स्थानकातल्या राखीव कपड्यांवर भागवलं.