जुनी विद्युत बास गिटार आणि तिची नवी प्रतिकृती : निवडीच्या निकषांचा विचार

प्रस्तावना

वाद्य जितके जुने तितके चांगले, ही धारणा व्हायोलिनच्या बाबतीत सर्वपरिचित आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यात, यंत्रांच्या साह्याने तयार झालेल्या विद्युत बास गिटारलाही ती लागू व्हावी, हे मात्र प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तरीही १९५० व १९६० च्या दशकांतील बास गिटारी आज संग्राहक फार मोठ्या किमतीला घेतात. आणि ज्या कंपनीने त्या बनविल्या तीच कंपनी त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती नव्याने विकते. वादकाने यांपैकी काय घ्यावे, हा प्रश्न वरकरणी केवळ खरेदीचा आहे. तथापि त्याच्या मुळाशी ध्वनिशास्त्र, वस्तुसंस्कृतीचा इतिहास आणि बाजारपेठ या तीन भिन्न क्षेत्रांतील मूल्यांची सरमिसळ आहे. ही मूल्ये वेगळी केल्यावाचून निवड डोळसपणे करता येत नाही, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. विवेचन मुख्यतः अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या दोन नमुन्यांपुरते मर्यादित ठेवले आहे.

वाद्य आणि त्याची पुनर्निर्मिती

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. तत्पूर्वी १९३० च्या दशकात असे काही प्रयोग झाले होते. परंतु मोठ्या प्रमाणावर यशस्वी ठरलेली ही पहिली विद्युत बास होय. उभ्या डबल बासला पडदे नसतात, त्यामुळे स्वर अचूक लागणे सर्वस्वी वादकाच्या बोटांवर अवलंबून असते. फेंडर यांनी सतारीप्रमाणे पडदे बसविले आणि त्या अचूकतेवरूनच वाद्याचे नाव ठेवले. तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर ठरविली गेली. सर्वांत खर्जाची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. १९५७ मध्ये या वाद्यास दोन भागांत विभागलेला पिकअप मिळाला. तारेच्या कंपनांचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे चुंबक व वेटोळे म्हणजे पिकअप. १९५९ मध्ये मानेवर रोझवुडची पट्टी आली आणि १९६० मध्ये दोन पिकअपांची, अरुंद मानेची 'जॅझ बास' अवतरली.

जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडरचा व्यवसाय १ कोटी ३० लक्ष डॉलरना विकत घेतला. संग्राहकांच्या कालगणनेत ही तारीख सीमारेषेसारखी वापरली जाते : अलीकडचे ते सामान्य, पलीकडचे ते अस्सल. ही रेषा अर्थात फार ढोबळ आहे. मालकी बदलली म्हणून दुसऱ्या दिवशी कारागीर बदलले नाहीत, साठ्यातील लाकूडही बदलले नाही. १९७० च्या दशकात वजनदार लाकूड, जाड पॉलिएस्टरचा लेप आणि सांध्यांतील ढिलाई या तक्रारी वाढल्या हे खरे. परंतु मार्कस मिलर यांचा सर्वपरिचित आवाज ज्या जॅझ बासवर घडला ती १९७७ सालची आहे, हेही विसरता येत नाही.

१९८० च्या सुमारास कंपनीला स्वतःच्याच जुन्या मालाशी स्पर्धा करावी लागत होती. कंपनीने जुनी वाद्ये मोजून-तपासून १९८२ मध्ये १९५७ व १९६२ सालच्या नमुन्यांच्या प्रतिकृती काढल्या. त्याच वर्षी जपानमध्येही फेंडरचे उत्पादन सुरू झाले. १९८५ मध्ये कंपनीच्या व्यवस्थापनानेच ती सीबीएसकडून विकत घेतली. तेव्हापासून प्रतिकृतींची परंपरा नावे बदलत अखंड चालू आहे. २०२२ च्या 'अमेरिकन व्हिंटेज टू' मालिकेत १९५४ व १९६० ची प्रिसिजन आणि १९६६ ची जॅझ बास यांचा समावेश झाला. १९९५ पासून मुद्दाम झिजविलेली, ओरखडे काढलेली 'रेलिक' वाद्येही मिळू लागली. नव्या ग्रंथाची पाने चहात बुडवून पिवळी करावीत तसा हा प्रकार प्रस्तुत लेखकास वाटतो. मात्र झिजलेली मान हाताला सुखकर लागते हा वादकांचा अनुभव नाकारण्याचे कारण नाही.

या प्रतिकृतींनी एक सांस्कृतिक परिणामही घडविला. फेंडरची वाद्ये वर्षभरातही बदलत असत. हाती आलेले सुटे भाग वापरले जात. प्रतिकृतीला मात्र एकच साल आणि एकच रूप निवडावे लागते. त्यामुळे १९६२ हे जणू प्रमाण वर्ष ठरले. मूळ वस्तूचे वैविध्य लोपून तिची एक संहिता सिद्ध होणे, हे हस्तलिखितांच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

जुना आवाज कोठून येतो?

जुन्या वाद्याच्या कैवाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद ध्वनीचा आहे, म्हणून त्याची छाननी थोडी विस्ताराने करणे आवश्यक आहे.

पहिले कारण लाकडाचे सांगितले जाते. वयोमानाने लाकडातील काही घटकांचे विघटन होते व ते किंचित हलके होते, हे खरे. परंतु भरीव अंगाच्या विद्युत वाद्यात पिकअप तारेची हालचाल टिपतो, लाकडाची नव्हे. लाकडाचा प्रभाव पडतो तो मुख्यतः तारेची ऊर्जा शोषून घेण्यातून, आणि तोही मानेकडून अधिक. बासवादकांना परिचित असलेला 'मृत स्वर', म्हणजे पातळ तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास लवकर विझणारा स्वर, हे याचे उत्तम उदाहरण. जर्मन संशोधक हेल्मुट फ्लायशर यांनी १९९० च्या दशकात विद्युत गिटारींवर केलेल्या मोजमापांतून मानेची स्वतःची कंपने आणि हे मृत स्वर यांचा संबंध दाखविला. हा दोष जुन्या वाद्यांत आढळतो, तसाच नव्यांतही.

दुसरे कारण पिकअपचे. जुन्या पिकअपांतील वेटोळी गुंडाळताना तारेला हाताने दिशा दिली जाई, त्यामुळे वेढ्यांची संख्या व घट्टपणा वाद्यागणिक बदले. अॅल्निको मिश्रधातूचे चुंबक आपोआप फारसे दुर्बल होत नाहीत. दुसऱ्या चुंबकाच्या सान्निध्याने होऊ शकतात. शिवाय आवाज नियंत्रित करणाऱ्या २५० किलोओहम रोधांत २० टक्क्यांपर्यंतची तफावत त्या काळी नित्याचीच मानली जाई. म्हणजे एकाच आठवड्यात तयार झालेल्या दोन बास गिटारी वेगळ्या वाजणे स्वाभाविक होते. 'बासष्टचा आवाज' असा एकवचनी प्रयोग म्हणूनच शास्त्रशुद्ध नाही.

तिसरे कारण बहुधा दुर्लक्षिले जाते, आणि तेच सर्वांत वजनदार आहे : तारा. १९५० च्या दशकात बासवर सपाट वेष्टनाच्या तारा असत, घोडीवरील धातूच्या आवरणाखाली तारा दाबणारा मऊ तुकडा असे आणि अनेक वादक अंगठ्याने छेडत. बोटांना आधार म्हणून जुन्या वाद्यांवर पातळ तारेच्या बाजूस एक लाकडी पट्टी दिसते, ती यासाठीच. मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांतून अजरामर झालेले जेम्स जेमर्सन यांच्या १९६२ च्या प्रिसिजनवर जाड सपाट तारा होत्या आणि ते त्या बदलत नसत, अशी त्यांची ख्याती आहे. गोल वेष्टनाच्या झणझणीत तारा १९६० च्या दशकात रूढ झाल्या. नव्या प्रतिकृतीवर सपाट तारा चढवून घोडीपाशी स्पंजचा तुकडा ठेवला, तर श्रोत्याला अभिप्रेत असलेल्या जुन्या आवाजाचा फार मोठा भाग अल्प खर्चात हाती येतो.

व्हायोलिनवरील प्रयोग येथे उद्बोधक ठरतो. क्लोदिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे २१ वादकांना तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिने, ओळख लपवून, वाजवावयास दिली. सर्वाधिक पसंती एका नव्या वाद्यास मिळाली, सर्वांत कमी एका स्त्रादिवारी व्हायोलिनला. आणि बहुतेकांना आपले आवडते वाद्य जुने की नवे हे सांगता आले नाही. ज्या वाद्याचा आवाज लाकडाच्या कंपनांतून निघतो तेथे ही स्थिती असेल, तर भरीव लाकडाच्या विद्युत वाद्याबाबत वयाचा दावा अधिकच सावधपणे घ्यावा लागेल.

तरीही अनेक जुनी वाद्ये खरोखरच उत्तम वाजतात. याचे एक साधे स्पष्टीकरण असे, की सुमार वाद्ये मोडीत निघाली, त्यांचे सुटे भाग विकले गेले. चांगली जपली गेली. आपल्यासमोर येतात ती काळाच्या चाळणीतून उरलेली. त्यांची तुलना दुकानातील सरसकट नव्या मालाशी करणे न्याय्य नव्हे.

वाद्य हा दस्तऐवज

आवाजाचा दावा असा सौम्य झाला, तरी जुन्या वाद्याचे मोल शून्य होत नाही. ते दुसरीकडे सरकते. १९६२ ची बास हा त्या काळच्या उत्पादनपद्धतीचा पुरावा आहे. मानेच्या टोकावर पेन्सिलीने लिहिलेली वा शिक्क्याने उमटविलेली तारीख, रोधांवरील सांकेतिक अंक, कधीही न उकललेले डाख हे सर्व तेथे वाचता येते. उदाहरणार्थ, रोधावर '१३७ ६६१५' असे असेल तर १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा अंक, ६६ हे साल आणि १५ हा आठवडा. परंतु यावरून वाद्य १९६६ चेच आहे असे ठरत नाही. फेंडरने त्या वर्षी घेतलेला रोधांचा मोठा साठा पुढील काही वर्षे पुरला. वाद्य त्यापूर्वीचे नसावे, इतकेच अनुमान निघते; आणि तेही रोध मागाहून बदललेला नसेल तरच. मानेमागील धातूच्या पट्टीवरील क्रमांक तर आणखी अविश्वसनीय, कारण पट्ट्या क्रमाने वापरल्या जात नसत आणि चार स्क्रू काढले की बदलता येतात. म्हणून विक्रेत्याने केवळ क्रमांकावरून काळ सांगितल्यास तो पुरावा अपुरा मानावा.

येथेच वादक आणि संग्राहक यांच्या हिताचा खरा संघर्ष उभा राहतो. दस्तऐवज म्हणून वाद्य जपावयाचे तर त्याला हात लावू नये. वाजवावयाचे तर पडदे झिजतात, रोध खरखरतात, दुरुस्ती अटळ होते. जॅको पास्टोरियस यांची १९६२ ची जॅझ बास पडदे काढून टाकलेली होती आणि तिच्या पट्टीवर नौकांसाठी वापरले जाणारे इपॉक्सी चढविलेले होते. आजच्या संग्राहकाच्या दृष्टीने हा विध्वंस. पण पडदेविरहित बासची भाषा त्याच वाद्यावर घडली. तेव्हा ते जेमतेम दहा-बारा वर्षांचे वापरलेले वाद्य होते, पुराणवस्तू नव्हती. १९८६ मध्ये ते चोरीस गेले आणि वीसएक वर्षांनी पुन्हा प्रकाशात आले. जेमर्सन यांची बास त्यांच्या १९८३ मधील मृत्यूपूर्वी काही दिवस चोरीला गेली. दौऱ्यावर, मंचामागे, टॅक्सीत जे वाद्य निर्धास्तपणे ठेवता येत नाही, ते घ्यावे काय, याचा विचार आवाजाइतकाच महत्त्वाचा आहे.

लाकूड, हवामान आणि सीमा

भारतातील खरेदीदारास आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. १९५९ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फेंडर वाद्यांची पट्टी सामान्यतः ब्राझिली रोझवुडची असे. ही जात १९९२ पासून साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे; त्यामुळे असे वाद्य देशाबाहेर नेता-आणताना ते लाकूड बंदीपूर्वीचे असल्याचे प्रमाणपत्र लागते. पुढे तिची जागा भारतीय रोझवुडने घेतली, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या शिसवाने. २०१७ मध्ये त्या संपूर्ण प्रजातिगटावर दुसऱ्या परिशिष्टाचे निर्बंध आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. ब्राझिली लाकडास ही सूट नाही.

दुसरी गोष्ट हवामानाची. मानेच्या आत तारांचा ताण पेलणारी लोखंडी सळई असते. तिचे समायोजन जुन्या नमुन्यांत मानेच्या बुडाशी आहे, म्हणजे त्यासाठी बहुधा मान सोडवावी लागते. मुंबई-कोकणाच्या दमट पावसाळ्यात आणि नंतरच्या कोरड्या हिवाळ्यात मान वाकते-सुधारते. वर्षातून दोनदा स्क्रू काढल्यास साठ वर्षांच्या लाकडातील छिद्रे सैल होतात. निष्ठावान प्रतिकृतींत ही गैरसोयही जशीच्या तशी उतरविलेली असते, इतकेच की तेथे छिद्र बिघडल्याचे दुःख कमी. ज्या नव्या नमुन्यांत समायोजन मानेच्या वरच्या टोकाला आहे आणि पट्टीची वक्रता सव्वासातऐवजी साडेनऊ इंच त्रिज्येची आहे, ते रोजच्या वापरास सोयीचे पडतात.

वादकाची निवड

नियमित वाजविणाऱ्याने नवी प्रतिकृतीच घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र तीही नावावरून न घेता दोन-तीन नग समोर ठेवून, प्रत्येक पडद्यावर स्वर किती काळ टिकतो ते ऐकून, वजन पाहून. जुनेच हवे असल्यास पुन्हा रंगविलेले वाद्य शोधावे. मूळ रंग गेला की किंमत साधारण निम्म्यावर येते, असा या व्यापारातील संकेत आहे. मान, पिकअप आणि तारेचा ताण मात्र तेच राहतात. संग्राहकाच्या लेखी त्याचे पुराव्याचे मूल्य आधीच घटलेले असल्याने वादकास ते निर्धास्तपणे दुरुस्त करता येते. अस्पर्श वाद्य वारशाने वा योगायोगाने हाती आलेच, तर डाख उकलण्यापूर्वी आतील जोडणीची छायाचित्रे घ्यावीत, रोधांवरील अंक टिपून ठेवावेत आणि काढलेला प्रत्येक भाग, बंद पडलेला असला तरी, चिठ्ठी लावून वाद्याच्या पेटीतच ठेवावा.