रिकामा रकाना आणि शून्य : पाणी तपासणीच्या संगणकीय नोंदींचे प्रशासन

१९९२ साली ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे या संस्थेने मध्य व ईशान्य बांगलादेशातील कूपनलिकांच्या पाण्याचा अभ्यास केला. पाण्यातील अनेक मूलद्रव्ये मोजण्यात आली. आर्सेनिक मोजले गेले नाही. त्यामुळे अहवालात आर्सेनिकचा आकडा नव्हता. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, त्या देशाच्या वायव्येकडील चापाई नवाबगंज जिल्ह्यात विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक आढळले. १९९८-९९ मध्ये ६४ पैकी ६१ जिल्ह्यांतील ३,५३४ कूपनलिकांची तपासणी झाली. तेव्हा उथळ, म्हणजे १५० मीटरपेक्षा कमी खोलीच्या, कूपनलिकांपैकी २७ टक्के कूपनलिकांत आर्सेनिकचे प्रमाण लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर निघाले. जागतिक आरोग्य संघटनेची १० मायक्रोग्रॅमची मार्गदर्शक पातळी लावली तर हेच प्रमाण ४६ टक्क्यांवर जाते.

ब्राह्मणबाडिया जिल्ह्यातील एका ग्रामस्थाने या संस्थेच्या पालक मंडळाविरुद्ध इंग्लंडमध्ये दावा लावला. १९९२ च्या अहवालावरून पाणी सुरक्षित असल्याचा समज झाला, असे त्याचे म्हणणे होते. जुलै २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा दावा फेटाळला. पाणी पिण्यास योग्य असल्याची हमी त्या अहवालाने दिलेली नव्हती आणि पाणी पिणाऱ्या लोकांप्रती अहवालकर्त्यांची तशी कायदेशीर जबाबदारीही नव्हती, असा निर्णयाचा आशय होता. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. नोंदी ठेवणाऱ्यांपुढचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. जे मोजलेच नाही ते 'नाही' असे वाचले जाणार असेल, तर नोंद कशी ठेवावी?

आज पाणी, माती व हवा यांच्या तपासणीच्या नोंदी बहुतांशी संगणकावर ठेवल्या जातात. त्यासाठीच्या प्रणालीला प्रयोगशाळा माहिती व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. प्रयोगशाळांतील लोक तिला नुसते 'लिम्स' म्हणतात. ही प्रणाली चालवणारा प्रशासक म्हणजे पासवर्ड बदलून देणारा आणि प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कोणत्या रकान्यात काय भरता येईल, काय रिकामे ठेवता येईल आणि छापील अहवालात काय दिसेल हे त्याने केलेल्या मांडणीवर ठरते. रसायनशास्त्रज्ञाने अचूक काम केले तरी या मांडणीत चूक असली की गावाला मिळणारा आकडा चुकतो.

नमुन्याचा प्रवास

विहिरीवर बाटली भरली की तिला एक क्रमांक मिळतो. कोठून, कोणी, किती वाजता नमुना घेतला हे त्या क्रमांकाशी जोडले जाते. प्रयोगशाळेत बाटली पोहोचल्याची वेळ नोंदली जाते, मग चाचण्या, मग तपासनीसाची मंजुरी, मग अहवाल. यातील वेळेची नोंद कारकुनी वाटते, पण ती महत्त्वाची आहे. जिवाणूंच्या तपासणीचा नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत तपासायला घ्यावा लागतो. बाटली दोन दिवस एस.टी.च्या टपावर राहिली असेल तर निकाल काहीही येवो, त्याला अर्थ नाही. प्रणालीत ही मुदत घातलेली असेल तर उशिरा आलेल्या नमुन्यावर आपोआप खूण पडते. घातलेली नसेल तर तो नमुना इतरांसारखाच पुढे जातो.

स्थळाच्या नोंदीतही अशीच एक खोच आहे. पणजीचे स्थान साधारणपणे १५ अंश ३० मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७३ अंश ५० मिनिटे पूर्व रेखांश असे सांगतात. दशांश पद्धतीत हेच १५.५० आणि ७३.८३ होते, कारण एका अंशात ६० मिनिटे असतात. घाईत एखाद्याने १५.३० आणि ७३.५० असे भरले, तर पणजीतील विहीर नकाशावर थेट अरबी समुद्रात जाऊन पडते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. देशाच्या मध्यभागी, इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या परिसरात तीच चूक झाली, तर विहीर भलत्याच गावाच्या नावावर जमा होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय साधा आहे. तालुक्याच्या सीमेबाहेरचा बिंदू प्रणालीने स्वीकारायचाच नाही, असा नियम प्रशासकाने घालून ठेवावा.

'आढळले नाही' म्हणजे किती?

आता मूळ मुद्दा. कोणत्याही उपकरणाला एक शोधमर्यादा असते. तिच्याखाली पदार्थ असला तरी उपकरणाला तो खात्रीने दिसत नाही. म्हणून प्रयोगशाळा 'शून्य' असा निकाल देऊ शकत नाही; 'अमुक इतक्यापेक्षा कमी' एवढेच ती म्हणू शकते. शिशाचे उदाहरण घ्यावे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती) शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे. अणुशोषण उपकरणाच्या साध्या ज्वाला पद्धतीने, नमुना आटवून संहत केल्याशिवाय, इतके कमी शिसे विश्वासाने मोजता येत नाही. प्रयोगशाळेची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम असेल आणि अहवालात नुसते 'आढळले नाही' असे छापले असेल, तर पाण्यात ४० मायक्रोग्रॅम शिसे असूनही तो अहवाल खराच ठरतो. वाचणाऱ्याची मात्र त्याने फसगत होते.

प्रणालीत हा निकाल कसा साठवायचा यावर पुढचे सारे अवलंबून असते. समजा एका भागातील दहा विहिरी तपासल्या. चार विहिरींत आर्सेनिक अनुक्रमे २०, १२, १६ आणि १२ मायक्रोग्रॅम निघाले. उरलेल्या सहांचा निकाल '५ पेक्षा कमी' असा आला. दहा विहिरींची सरासरी किती? सहा विहिरींना शून्य धरले तर ६. मर्यादेच्या निम्मे, म्हणजे २.५ धरले तर ७.५. पूर्ण ५ धरले तर ९. आणि '५ पेक्षा कमी' हे शब्द तसेच एक्सेलच्या रकान्यात टाइप करून सरासरीचे सूत्र लावले, तर एक्सेल अक्षरांचे रकाने गाळून फक्त चार आकड्यांची सरासरी काढते : १५. बाटल्या त्याच, पाणी तेच, आणि उत्तरे चार. त्यांपैकी तीन मार्गदर्शक पातळीच्या आत आहेत, एक तिच्या दीडपट आहे. कोणते उत्तर वर्तमानपत्रात येईल हे रकान्याची रचना करणाऱ्याच्या हाती राहते, आणि बहुतेक वेळा त्यालाही हे ठाऊक नसते.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेनिस हेल्सेल यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात निम्मी मर्यादा धरण्याच्या सर्रास प्रथेवर कठोर टीका केली आणि अशा अर्धवट माहितीसाठी संख्याशास्त्रात असलेल्या स्वतंत्र पद्धती वापरण्याचा आग्रह धरला. त्या पद्धतींचा तपशील येथे आवश्यक नाही. पण त्या वापरायच्या असतील तर मूळ माहिती शाबूत हवी. म्हणून आकडा, 'पेक्षा कमी' ही खूण आणि त्या दिवशीची त्या पद्धतीची मर्यादा, अशा तीन गोष्टी तीन स्वतंत्र रकान्यांत ठेवायच्या असतात. चौथा रकाना स्थितीचा : तपासले, तपासले नाही, नमुना बाद, निकाल प्रलंबित. हा चौथा रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे जाणार नाही, अशी सक्ती प्रशासक करू शकतो. १९९२ च्या त्या अहवालासारख्या माहितीत आर्सेनिकपुढे 'तपासले नाही' असे दोन शब्द असते तर वाचणाऱ्यांनी काय केले असते हे सांगता येत नाही, पण प्रश्न विचारायला जागा राहिली असती.

एकक : नायट्रेटचा घोळ

भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत ती १० मिलिग्रॅम आहे. यावरून अमेरिकेचा नियम साडेचारपट कडक आहे असे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही जवळपास एकच आहेत. भारतात संपूर्ण नायट्रेटचे वजन धरतात, अमेरिकेत त्यातील फक्त नायट्रोजनचे. एका पद्धतीतून दुसरीत जाण्यासाठी ४.४३ ने गुणावे किंवा भागावे लागते.

अनेक उपकरणे व चाचणी संच निकाल नायट्रोजनच्या हिशेबात दाखवतात. उपकरणाने १२ दाखवले आणि कर्मचाऱ्याने ते १२ तसेच नायट्रेटच्या रकान्यात भरले, तर प्रणाली त्याची ४५ शी तुलना करून हिरवी खूण देते. खरा आकडा ५३ च्या आसपास आहे. बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना जादा नायट्रेट विशेष घातक असते, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. तेव्हा हिरव्या खुणेवर विसंबून दुधाची पावडर कालवणाऱ्या आईची यात काही चूक नाही. प्रणालीत 'नायट्रेट' असे एकच नाव न ठेवता 'नायट्रेट, नायट्रेट म्हणून' आणि 'नायट्रेट, नायट्रोजन म्हणून' अशी दोन नावे ठेवणे आणि रूपांतर माणसाकडून न करवता प्रणालीकडून करवणे, हे काम प्रशासकाचे आहे. नावे बोजड होतात, होऊ द्यावीत.

कोणाला काय बदलता यावे

आकडे भरणारा, ते तपासून मंजूर करणारा आणि प्रणालीची रचना सांभाळणारा अशा तीन भूमिका वेगळ्या असाव्यात, हा सर्वमान्य दंडक आहे. प्रशासकाला सर्व कुलपांच्या किल्ल्या असतात. म्हणूनच निकालाचा आकडा बदलण्याचा अधिकार त्याला नसावा. लहान प्रयोगशाळांत तीन माणसे कोठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. पण एकच पासवर्ड भिंतीवर चिकटवून सर्वांनी वापरणे हे त्याचे उत्तर नव्हे. प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाची २०१७ ची आवृत्ती असे सांगते की दुरुस्तीनंतर मूळ आकडा व नवा आकडा दोन्ही राहिले पाहिजेत, आणि दुरुस्ती कोणी व कोणत्या तारखेला केली हेही कळले पाहिजे. प्रणाली वापरात आणण्यापूर्वी तिची पडताळणी करणे आणि पुढे तिच्यात केलेला प्रत्येक बदल अधिकृत करून, नोंदवून पुन्हा पडताळणे हेही त्यात आले.

हे का आवश्यक आहे, याचे उदाहरण अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराने घालून दिले. एप्रिल २०१४ मध्ये शहराचे पाणी फ्लिंट नदीतून घेण्यास सुरुवात झाली. नळ गंजू नयेत म्हणून करावयाची प्रक्रिया झाली नाही आणि जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. त्या वेळच्या नियमानुसार दहापैकी नऊ नमुने ज्या पातळीच्या आत असतील ती पातळी १५ मायक्रोग्रॅमच्या वर गेली, तर शहराला कारवाई करणे भाग होते. २०१५ च्या पहिल्या सहामाहीत ७१ नमुने गोळा झाले. त्यांतील दोन नंतर वगळण्यात आले आणि उरलेल्या ६९ नमुन्यांवरून ही पातळी ११ दाखवण्यात आली. ते दोन नमुने ठेवले असते तर १५ ची रेषा ओलांडली जात होती. वगळलेल्यांपैकी एकाचे शिसे १०४ मायक्रोग्रॅम होते. त्या घरात गाळणी बसवलेली असल्याने तो नमुना नियमात बसत नाही, असे कारण दिले गेले.

नमुना वगळणे हा स्वतः गुन्हा नाही. नियमात न बसणारे नमुने सर्वत्र वगळले जातात. परंतु वगळलेला नमुना अहवालातून नाहीसा होता कामा नये. चांगल्या मांडणीत 'पुसून टाका' हे बटणच नसते. नमुना बाद करणाऱ्याला कारण लिहावे लागते, दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते, आणि अहवालाच्या शेवटी बाद नमुन्यांची संख्या व त्यांचे आकडे छापून येतात. गाळणी बसवलेली असूनही १०४ आले, हे वाचणाऱ्याला दिसले असते तर ते कारण किती टिकते हे त्याचे त्यालाच कळले असते.

यादीबाहेरचे

हैदराबादजवळील पाटनचेरु येथे सुमारे ९० औषधनिर्मिती कारखान्यांचे सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात येत असे. २००७ साली स्वीडिश संशोधकांनी तेथून बाहेर पडणाऱ्या, प्रक्रिया झालेल्या पाण्यातील औषधांचे अंश मोजून प्रसिद्ध केले. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात ते जितके चढते त्याहून अधिक. अशा पाण्यात औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढीस लागतात, ही खरी भीती.

सांडपाण्याच्या नेहमीच्या तपासणीत प्राणवायूची जैविक व रासायनिक मागणी, तरंगते व विरघळलेले घन पदार्थ, सामू असे घटक असतात. या यादीत प्रतिजैविके नव्हती, त्यामुळे कितीही चोख नोंदी ठेवल्या तरी ती दिसणे शक्य नव्हते. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या मर्यादांचा मसुदा काढला. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नव्हत्या. कायद्याने मागितलेले नाही ते तपासण्याचा खर्च कोणी करावा, हा वाद प्रशासकाच्या टेबलावर सुटणारा नाही. त्याच्या हाती एवढेच आहे की घटकांची यादी दरवर्षी प्रयोगशाळेपुढे ठेवावी, कोणता घटक केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून आला किंवा गेला याची तारीख राखावी, आणि अहवालाच्या नमुन्यात 'या नमुन्यात पुढील घटक तपासलेले नाहीत' अशी एक ओळ कायमची घालून ठेवावी.

मार्च २०२१ पासून जल जीवन मिशनच्या संकेतस्थळावर ग्रामीण पाणी तपासणीचे निकाल नोंदवले जातात आणि माफक शुल्क देऊन सामान्य माणसालाही पाणी तपासून घेता येते. असा अहवाल हाती आल्यावर शाळेतील विज्ञान शिक्षकाने किंवा ग्रामपंचायत सदस्याने आकड्यांच्या आधी चार गोष्टी पाहाव्यात : नमुना घेतल्याची व पोहोचल्याची वेळ, प्रत्येक घटकापुढील एकक, 'आढळले नाही' याच्या शेजारी मर्यादेचा आकडा आहे की नाही, आणि कोणते रकाने रिकामे आहेत. रिकाम्या रकान्याबद्दल प्रयोगशाळेला लेखी विचारता येते, आणि त्याचे उत्तर देणे प्रयोगशाळेला अवघड जाऊ नये.