हवामान आणि इतिहास : भाग ६ – ओस गावं कुणाच्या अटींवर वसली?

मागच्या भागात आपण १३१५ च्या युरोपात होतो. पाऊस थांबायचं नाव घेईना. उभं पीक शेतात कुजलं, गवत वाळेना म्हणून जनावरांच्या वैरणीचे हाल झाले, मिठागरांत पाणी आटेना म्हणून मीठ महागलं. मिठागरात ऊन पडलं नाही तर काय होतं हे कोकणातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. दोन-तीन वर्षं हे असंच चाललं आणि उत्तर युरोपात लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्याच शतकाच्या अखेरीस आपल्याकडे संकट उलट्या बाजूनं आलं. तिकडे अति पावसानं मारलं, इकडे न आलेल्या पावसानं.

त्या काळाला आपल्याकडे दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात. परंपरेनं त्याची सुरुवात १३९६ मध्ये धरतात आणि मुदत बारा वर्षांची. जेम्स ग्रँट डफनं १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे: मुलूखच्या मुलूख ओस पडले, डोंगरी किल्ले स्थानिक पाळेगारांच्या आणि लुटारूंच्या हाती गेले, आणि पुढं तीस वर्षं तिथून म्हणण्यासारखा वसूलच आला नाही. बारा वर्षं थेंबही पडला नाही हे शब्दशः खरं मानता येणार नाही. तसं झालं असतं तर माघारी यायला कुणी उरलंच नसतं. पण लोकांच्या आठवणीतला हा आकडा पोकळ नाही, आणि त्याचा पुरावा एका गुहेत सापडला आहे.

छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्यात दंडक नावाची चुनखडीची गुहा आहे. छतातून पाणी ठिबकतं, थेंबाबरोबर विरघळलेला चुना खाली साचतो आणि जमिनीवर लवणस्तंभ वाढत जातो. त्याचे थर वर्षानुवर्षं एकावर एक बसतात. जोरदार मान्सूनच्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं, दुबळ्या मान्सूनच्या पाण्यात ते जास्त असतं, आणि थराथरात ही खूण जशीच्या तशी राहते. थराचं वय युरेनियम आणि थोरियमच्या प्रमाणावरून काढतात. आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्तंभाचं वाचन २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात चौदाव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मान्सून वारंवार आणि दीर्घकाळ दुबळा राहिल्याचं दिसतं. व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांच्या वलयांतही साधारण त्याच काळात मोठे दुष्काळ दिसतात, आणि कंबोडियातलं अंकोर खचत गेलं तो काळही हाच. आपल्या जांभ्याच्या आणि काळ्या पाषाणाच्या कोकणात असे स्तंभ घडत नाहीत, म्हणून आपली साक्ष द्यायला बस्तरची गुहा पुढं यावी लागली.

म्हणजे दुर्गादेवीचा दुष्काळ ही एकटी घटना नव्हे. फिरिश्त्यानं विजापुरात बसून लिहिलेल्या इतिहासात त्याआधीच्या एका दुष्काळाची नोंद आहे. बहमनी सुलतान दुसरा मुहम्मद (राज्यकाळ १३७८ ते १३९७) यानं धान्य आणण्यासाठी दहा हजार बैल माळव्याकडे आणि गुजरातेकडे लावले. अनाथ झालेल्या मुलांसाठी त्यानं गुलबर्गा, बीदर, दौलताबाद अशा शहरांत शाळा काढल्या. त्या यादीत चौल आहे आणि आपलं दाभोळही आहे. दाभोळच्या बंदरात अनाथ मुलांची शाळा काढावी लागली, एवढ्या एका गोष्टीवरून झळ कुठवर पोचली होती ते समजतं.

इथं कुणीही विचारील की रत्नागिरीला पावसाची काय भीती? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो निम्मा झाला तरी माण-खटावच्या चांगल्या वर्षापेक्षा कितीतरी जास्तच. हे खरं असलं तरी पुरेसं नाही. भाताला एकूण पाऊस किती यापेक्षा तो कधी पडला हे महत्त्वाचं असतं. लावणीनंतर ऐन वेळी मोठी ओढ बसली की खाचर फाटतं. वरकस जमिनीवरची नाचणी आणि वरी तर त्याहून लवकर हातची जाते. शिवाय कोकणाचं पोट केवळ कोकणाच्या भातावर कधीच भरलं नाही. घाटमाथ्यावरून बैलांच्या पाठीवर धान्य खाली यायचं, इथून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची. देशावरची गावं ओस पडली की हे तांडे थांबणार आणि त्यांच्या जिवावरची बंदरंही सुकणार. कोकणातलं संकट आभाळाइतकंच घाटातूनही उतरतं.

मला मात्र या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दुष्काळानंतरचा भाग. १४२९ मध्ये बहमनींनी मलिक-उत्-तुज्जार या सरदाराला मुलुखात व्यवस्था बसवायला पाठवलं. खटावकडचे रामोशी, महादेव डोंगरातले लुटारू, वाईकडचे किल्ले असं करत त्याची फौज कोकणातही उतरली. माणसं परत आणून जमीन लावण्याचं काम दादो नरसू काळे नावाच्या अनुभवी ब्राह्मण कारभाऱ्याकडे आणि दरबारातल्या एका तुर्की खोजाकडे सोपवलं होतं. शिवारांच्या जुन्या हद्दी कुणाला धड आठवत नव्हत्या, इतका काळ लोटला होता. काळ्यांनी नव्या हद्दी ऐसपैस आखल्या, दोन-दोन तीन-तीन गावं मिळून एक गाव केलं, आणि जो कसायला तयार होईल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबरा धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधतात ती चंदीची पिशवी. जमीन उदंड आणि माणूस दुर्मीळ झाला की सरकारला माणसाची अशी मनधरणी करावी लागते.

युरोपातही माणूस असाच दुर्मीळ झाला, पण त्याचा परिणाम दोन उलट तऱ्हांनी झाला. १३१५ च्या उपासमारीतून सावरलेल्या लोकांवर १३४७ पासून प्लेग कोसळला आणि एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक माणसं गेली. इंग्लंडमध्ये मजुरांना भाव आला. १३५१ मध्ये कायदा करून मजुरी जुन्या दरावर बांधून ठेवायचा प्रयत्न झाला आणि १३८१ मध्ये शेतकऱ्यांनी बंड केलं. बंड चिरडलं गेलं, पण पुढच्या शतकात तिथली भूदासांची वेठ गळून पडत गेली. एल्ब नदीच्या पूर्वेकडे मात्र उलट घडलं. माणसं कमी आहेत म्हणून जमीनदारांनी त्यांना जमिनीशी जखडून टाकलं, आणि ते जोखड पुढं शतकानुशतकं उतरलं नाही. आघात दोन्हीकडे सारखाच. फरक पडला तो उरलेल्या माणसांचं काही चालत होतं की नाही, यामुळे. हवामानानं इतिहास घडवला असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं इथं पटत नाही. गाव ओस पाडणं पावसाच्या हाती असतं, ते कोणत्या अटींवर वसवायचं हे माणसंच ठरवतात, आणि त्या अटी दुष्काळापेक्षा फार जास्त काळ टिकतात.

आपल्या जिल्ह्यात या अटींचे दोन नमुने आहेत.

पहिला शिवाजी महाराजांचा. ५ सप्टेंबर १६७६ चं त्यांचं पत्र मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना आहे. प्रभावळी म्हणजे आजच्या लांजा तालुक्यातलं प्रभानवल्ली. पत्रात सुभेदाराला सांगितलं आहे की गावोगाव फिरून कुणब्यांना गोळा करा. ज्याच्या घरी कष्टायला माणसं आहेत पण बैल नाही, बी नाही, त्याला बैलासाठी रोख द्या, पोटाला खंडी-दोन खंडी धान्य द्या. वसुली नुसत्या मुद्दलाची, वाढदिढीशिवाय, त्याला ताकद येईल तसतशी. दोन लाख लारीपर्यंत (लारी हे तेव्हाचं चांदीचं नाणं) खर्च झाला तरी चालेल, असंही लिहिलं आहे. १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ महाराजांच्या जन्माच्या वेळचा. त्यानं मोडलेल्या आणि पुढं दादोजी कोंडदेवांनी कौल देऊन वसवलेल्या पुणे परगण्यात त्यांचं लहानपण गेलं होतं. गाव कसं मोडतं आणि कसं उभं राहतं हे त्यांना कुणाकडून ऐकावं लागलं नव्हतं.

दुसरा नमुना खोतीचा. दादो नरसू काळ्यांची व्यवस्था देशावर रुजली, तशी ती कोकणात रुजली नसावी असं मला वाटतं. बहमनींची सत्ताच इथं फार काळ घट्ट नव्हती. १४५३ मध्ये विशाळगडाच्या, म्हणजे तेव्हाच्या खेळण्याच्या, वाटेवरच्या रानात शिर्के आणि संगमेश्वराकडच्या राजानं त्यांची फौज कापून काढली. बहमनी वजीर महमूद गवाननं १४७० च्या सुमारास तो भाग जिंकेपर्यंत दुष्काळावर लढायांची भर पडत राहिली. नंतर विजापूरच्या अमलात खोत पुढं आला. गाव वसवायचं, लागवड वाढवायची, सरकारचा सारा एकरकमी भरायचा ही त्याची जबाबदारी. खोती नेमकी कशी उगवली यावर एकोणिसाव्या शतकात मोठे वाद झाले, पण ओसाड जमीन लागवडीला आणण्याशी तिचा संबंध होता एवढं नक्की. संकटातली ही सोय हळूहळू वंशपरंपरेचा हक्क झाली. स्वतःच्या मालकीची जमीन कसणाऱ्या धारेकऱ्याचा सारा ठरलेला असे. खोताचं कूळ मात्र भाताचा निम्मा वाटा द्यायचं, वरकस पिकाचा तिसरा, आणि वर खोताच्या शेतावर वेठ. गावात माणसांची वाण होती तेव्हा घातलेल्या अटी, माणसं मुबलक झाल्यावरही तशाच राहिल्या, उलट आणखी कडक झाल्या. १८८० च्या खोती कायद्यानं त्यांना सरकारी शिक्काही मिळाला.

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी हजारोंनी मुंबईत मोर्चा घेऊन गेले. विधेयक संमत झालं नाही. खोती संपली ती १९४९ च्या कायद्यानं.

पुढच्या भागात १८७६ चा दुष्काळ, त्या सालचा प्रशांत महासागर आणि त्या दुष्काळातलं सरकार.