डाग गेला, शंका राहिली

डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यात लोकांचे केस झपाट्याने गळू लागले आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. एरवी हे मूलद्रव्य शरीराला लागते, पण किंचितच. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकरात ते असते, हे 1973 मध्ये कळले. असे विकर पेशींत शोधायला पेशींतली प्रथिने एका पट्टीवर उतरवून त्यांवर प्रतिपिंड सोडतात. पट्टीवर डाग उमटला की विकर सापडले असे वाटते, पण प्रतिपिंड भलत्या प्रथिनालाही चिकटते. म्हणून पडताळणीसाठी, प्रथिनाच्या ज्या तुकड्याविरुद्ध ते तयार केले, तोच सुमारे 15-20 अमिनो आम्लांचा कृत्रिम पेप्टाइड त्यात आधीच भरपूर मिसळतात. प्रतिपिंडाच्या जागा अडतात आणि पट्टीवर डाग उमटत नाही.

इथेच घाई होते. डाग गेला म्हणजे प्रतिपिंड त्या तुकड्याला धरणाऱ्या जागेनेच चिकटले होते, एवढेच ठरते. माणसात या विकराच्या कुटुंबात 8 सदस्य आहेत; एखाद्या भावंडात तसाच तुकडा असेल तर त्याचाही डाग जाईल. मग ही चाचणी करायचीच कशाला? कारण पेप्टाइड घालूनही डाग राहिलाच, तर तो उपरा, हे स्वस्तात कळते. पक्की खात्री हवी असेल तर त्या विकराचे जनुकच काढलेल्या पेशी घ्याव्यात आणि तिथे डाग उमटतो का ते पाहावे.