पंचांगातली वेळ आणि ग्रीनिचची रेघ

दिवाळी आली की इंग्लंडमधल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: लक्ष्मीपूजन किती वाजता करायचं? पंचांग मुंबईचं, आपण लंडनला. साडेपाच तास वजा केले की झालं, असं वाटतं. पण तेवढ्यानं भागत नाही. त्यासाठी शाळेतली अक्षांश-रेखांशांची जोडी पुन्हा आठवायला हवी.

आधी रेखांश. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. ग्रीनिच शून्यावर, मुंबई सुमारे ७२.८ अंश पूर्वेला. म्हणून मुंबईचा सूर्य ४ तास ५१ मिनिटं पुढे. ही 'बॉम्बे टाइम' मुंबईत १९५५ पर्यंत टिकून होती! भारतीय प्रमाणवेळ मात्र ८२.५ अंशांवरची, म्हणून साडेपाच तास.

हा सोपा गुणाकार समुद्रावर जिवाशी गाठ होता. अक्षांश ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून कळे; रेखांशासाठी मात्र निघाल्या बंदराची अचूक वेळ जहाजावर हवी, आणि लंबकाची घड्याळं लाटांवर बिघडत. १७०७ मध्ये जागेचा अंदाज चुकून चार ब्रिटिश युद्धनौका सिली बेटांजवळ खडकांवर फुटल्या, शेकडो खलाशी बुडाले. १७१४ मध्ये पार्लमेंटनं यावर उपाय शोधणाऱ्याला २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस जाहीर केलं. जॉन हॅरिसन या सुतारानं तसं घड्याळ बनवलं. आज ते ग्रीनिचच्या वेधशाळेत पाहता येतं. ग्रीनिचला शून्याचा मान मिळाला १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत. त्याआधी कित्येक शतकं आपले ज्योतिषी उज्जैनच्या रेषेवरून मोजत आले होते.

आता अक्षांश. मुंबई १९ अंश उत्तरेला, लंडन ५१.५. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, लंडनला साडेचारलाच. एडिंबरा आणखी वर, तिथे त्याहूनही लवकर.

म्हणजे हिशोब दोन आहेत. अमावास्या लागण्याचा क्षण साऱ्या जगाला एकच. त्यातून साडेपाच तास वजा करा, घड्याळं अजून मागे केली नसतील तर साडेचार. प्रदोषकाळ मात्र सूर्यास्तानंतरचा, आणि सूर्यास्त ज्याच्या त्याच्या गावचा. म्हणूनच कधीकधी इथलं लक्ष्मीपूजन मुंबईच्या तारखेला जुळत नाही. तेव्हा यंदा पंचांग उघडाल तेव्हा आपल्या गावचा सूर्यास्तही पाहून ठेवा. आईचा फोन आला की तारीख वेगळी का, ते नीट सांगता येईल!