हौशी ट्रायथलॉन आणि अंगावर काढलेली दुखापत : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन क्रीडाप्रकार खंड न पाडता, एकापाठोपाठ एक पूर्ण करावयाची स्पर्धा म्हणजे ट्रायथलॉन होय. या नावाची पहिली स्पर्धा २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे झाली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश करण्यात आला. ऑलिंपिक अंतराच्या स्पर्धेत १.५ कि.मी. पोहणे, ४० कि.मी. सायकल व १० कि.मी. धावणे अपेक्षित असते. आयर्नमॅन या दीर्घ प्रकारात हीच अंतरे अनुक्रमे ३.८, १८० व ४२.२ कि.मी. इतकी होतात. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर ज्यूरिख येथील आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केली, तर ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यातील मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची आयर्नमॅन स्पर्धा भारतात प्रथमच भरली. परिणामी, नोकरी-व्यवसाय सांभाळून या खेळाकडे वळणाऱ्या मध्यमवयीन हौशी खेळाडूंचा एक वर्ग महाराष्ट्रात निर्माण झाला. या वर्गाला स्पर्धेइतकेच दीर्घकाळ झुंजावे लागते ते चिवट दुखापतीशी. प्रस्तुत लेखात अशा दुखापतीचे स्वरूप, तिच्या व्यवस्थापनाची तत्त्वे आणि जालना जिल्ह्यातील परिस्थिती यांचा विचार केला आहे.

दुखापतीचे स्वरूप

दुखापतीचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिली अचानक होते व सर्वांना दिसते. मराठवाड्याचाच, बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पडला, त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा तो हंगाम तेथेच संपला. दुसऱ्या प्रकारच्या दुखापतीला अशी तारीख नसते. ती आठवड्यामागून आठवडे साचत जाते. टाचेमागील अकिलीस कंडरेचे दुखणे हे तिचे ठळक उदाहरण होय. धावताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या अनेक पट ताण येतो. हा ताण सोसण्याची तिची क्षमता हळूहळू वाढते, खेळाडूचा उत्साह मात्र त्याहून कितीतरी वेगाने वाढतो. या तफावतीत दुखणे जन्म घेते.

समजा, अंबड येथील एक पंचेचाळीस वर्षांचे प्राध्यापक पहाटे धावावयास निघतात. अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा पावले टाच आखडलेली असते, पहिल्या दोन किलोमीटरपर्यंत ती दुखते आणि नंतर मोकळी होते. दुखणे गेले असे समजून ते दहा किलोमीटर पूर्ण करतात. दुसऱ्या दिवशी पहाटे टाच अधिक आखडलेली असते. शरीर तापल्यावर वेदना कमी होणे हे या विकाराचेच लक्षण आहे, तो बरा झाल्याची खूण नव्हे. ‘दुखणे अंगावर काढणे’ हा आपल्याकडील वाक्प्रचार या प्रवृत्तीचे नेमके वर्णन करतो. पुढे दुखणे असह्य झाले की दुसरे टोक गाठले जाते. दोन महिने संपूर्ण विश्रांती घेतली जाते, बरे वाटताच पूर्वीच्याच अंतराने आरंभ होतो आणि पंधरवड्यात दुखणे परत येते. विश्रांतीने वेदना शमते, परंतु वापर थांबल्याने कंडरेची भार पेलण्याची क्षमताही घटते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

भाराचा हिशेब

या दोन टोकांमधील मार्ग संशोधनाने दाखविला आहे. स्वीडनमधील हाकन आल्फ्रेडसन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अकिलीस कंडरेच्या जुनाट दुखण्याने त्रस्त अशा १५ हौशी खेळाडूंवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभे राहून टाच सावकाश खाली नेणे, असा त्यांचा व्यायाम होता. १५ वेळा, ३ आवर्तने, गुडघा सरळ ठेवून व वाकवून, दिवसातून दोनदा, असा १२ आठवड्यांचा क्रम पूर्ण झाल्यावर हे सर्व खेळाडू पुन्हा धावू लागले. यास कोणतेही यंत्र लागत नाही. महाविद्यालयाच्या जिन्याची एक पायरी पुरते. दुखणे कंडरा टाचेच्या हाडाला मिळते त्या ठिकाणी असेल, तर मात्र टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये.

स्वीडनमध्येच २००७ साली कारिन सिल्बरनागेल व सहकाऱ्यांनी ३८ रुग्णांच्या अभ्यासातून आणखी एक महत्त्वाची बाब पुढे आणली. ताकदीचे व्यायाम दोन्ही गटांना समान होते. एका गटाने पहिले सहा आठवडे धावणे-उड्या मारणे टाळले, तर दुसऱ्याने वेदनेवर लक्ष ठेवून ते चालू ठेवले. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या सुधारणेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यांचा नियम साधा होता. शून्य ते दहाच्या मापनात वेदना पाचपर्यंत चालेल. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती ओसरली पाहिजे आणि सकाळचा ताठरपणा आठवड्यागणिक वाढता कामा नये. म्हणजेच निर्णय धावताना नव्हे, तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या दहा पावलांवर घ्यावयाचा असतो.

हा नियम सर्व दुखण्यांना लागू पडत नाही. हाडावर एकाच बिंदूत बोट ठेवता येईल अशी वेदना, रात्री झोपमोड करणारी वेदना किंवा ‘कट्’ असा आवाज होऊन पायातील बळ जाणे, अशा वेळी व्यायाम तात्काळ थांबवून वैद्यकीय तपासणी करून घेणे अनिवार्य आहे. स्पर्धेपूर्वी वेदनाशामक गोळी घेण्याची सवयही घातक होय. उन्हाने शरीरातील पाणी घटलेले असताना अशा गोळ्यांमुळे मूत्रपिंडास इजा होण्याचा धोका वाढतो.

ट्रायथलॉनचे वैशिष्ट्य असे की, या हिशेबाला तो इतर खेळांपेक्षा अधिक अनुकूल आहे. टाच दुखत असता धावण्याचे अंतर घटवून तीच हृदय-श्वसनाची मेहनत सायकलवर व पाण्यात भरून काढता येते. कमरेइतक्या पाण्यात पायांवर येणारा शरीराचा भार सुमारे निम्म्यावर येतो, तर पोहताना तो जवळजवळ उरतच नाही. ब्रिटनचा ॲलिस्टर ब्राउनली २०१२ च्या आरंभी अकिलीस कंडरेच्या दुखापतीमुळे काही काळ धावण्यापासून दूर राहिला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले. अर्थात, त्याच्या दिमतीला तज्ज्ञ होते आणि हुकमी पाणीही होते.

जालना जिल्ह्याची परिस्थिती

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला हा जिल्हा बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांसाठी ओळखला जातो. पाण्याच्या मुबलकतेसाठी नव्हे. २०१२-१३ च्या दुष्काळात येथे पिण्याच्या पाण्याचीच भ्रांत पडली होती. येथील पिढ्या पोहावयास शिकल्या त्या विहिरीत, पाठीला भोपळा वा डबा बांधून. विहिरीत धिटाई येते; परंतु सलग दीड किलोमीटर पोहण्याचा सराव होत नाही आणि उन्हाळा लागताच अनेक विहिरी तळ गाठतात. वाहत्या कालव्यात एकट्याने पोहणे जिवावर बेतू शकते. सायकलसाठी रस्ते आहेत, परंतु अवजड वाहनांची वर्दळ मोठी आहे. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सायकलींना मज्जाव आहे. राहता राहिले धावणे. त्यास ना पाणी लागते, ना महागडी सायकल.

येथेच समस्येचे मर्म आहे. दुखऱ्या टाचेला जो प्रकार सर्वाधिक सुखावह तो येथे सर्वांत दुर्मीळ, आणि जो सर्वाधिक जाचक तो सर्वांत सुलभ आहे. त्यामुळे खेळाडूचा हट्ट वा आळस हेच चिवट दुखापतीचे कारण मानणे अपुरे ठरते. पर्याय नसल्यामुळेही दुखणे अंगावर काढले जाते.

समारोप

या संदर्भात महाविद्यालयांना बरेच काही करता येण्यासारखे आहे. डांबरी रस्त्याऐवजी मातीचे मैदान सकाळी शिक्षक व नागरिकांसाठी खुले ठेवणे, व्यायामशाळेतील स्थिर सायकली दुखापतग्रस्तांना उपलब्ध करून देणे, शारीरिक शिक्षण विभागाने वेदनेची साप्ताहिक नोंदवही ठेवावयास शिकविणे, या गोष्टी अल्प खर्चात होऊ शकतात. जिल्ह्यातील जांब ही समर्थ रामदासांची जन्मभूमी असल्याने बलोपासनेची परंपरा येथे नवी नाही. मात्र बळ म्हणजे केवळ सोसणे नव्हे. किती सोसावे याचे मोजमाप ठेवणे हाही बलोपासनेचाच भाग आहे. चिवट दुखापत असलेल्या हौशी खेळाडूपुढे खेळ सोडणे किंवा वेदना गिळणे एवढे दोनच पर्याय नसतात. मोजून, वाटून व वाढवत नेलेला भार हा तिसरा पर्याय उपलब्ध आहे. तो प्रत्यक्षात येण्यासाठी खेळाडूच्या संयमाइतकीच त्याच्या गावातील सोयींचीही गरज आहे.