बोअरला पाणी लागलं, पण ते पुरेल का आणि पिण्याजोगं आहे का? सावलीच्या निमित्ताने समजून घ्या

सावली (जि. वडोदरा) : पिलाजीराव गायकवाडांचा डाकोरला घात झाला आणि अंत्यसंस्कार सावलीत झाले, ते साल 1732. मराठी माणसाला सावली माहीत असते ती यामुळे. आज मात्र इथला प्रश्न इतिहासाचा नाही, पाण्याचा आहे. पश्चिमेला मही नदी, तिच्या काठची कोतरं, खाली गाळाची जमीन. पूर्वेकडे सरकलं की कठीण खडक लागतो. म्हणून शेजारच्या गावात पाणी मिळालं, तर आपल्याकडेही मिळेलच असं नाही.

जल जीवन मिशन 2019 मध्ये सुरू झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी घरात, हे त्याचं माप. नळ बसवणं सोपं काम आहे. त्या नळाला मे महिन्यात पाणी येईल का, हे आधी तपासावं लागतं.

पाणी किती : जमा-खर्चाचा हिशेब

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून पासबुकाच्या भाषेत सांगतो. पाऊस, तलाव, कालवा आणि शेतातून मुरणारं पाणी ही जमा. शेती, कारखाने आणि घरांसाठीचा उपसा हा खर्च. दरवर्षी उपसता येण्याजोग्या पाण्यापैकी 70 टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर केंद्रीय भूजल मंडळाच्या पद्धतीप्रमाणे तो भाग सुरक्षित. 70 ते 90 अर्धगंभीर, 90 ते 100 गंभीर आणि 100 च्या वर अतिशोषित. म्हणजे मुद्दल खायला सुरुवात.

पण हा हिशेब अख्ख्या तालुक्याचा असतो. तालुका सुरक्षित असला तरी आपली बोअर आटू शकते. म्हणून गावाने दोन गोष्टी स्वतः कराव्यात.

पहिली, पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच विहिरीची पातळी मोजून वहीत लिहायची. एका वर्षावरून काही ठरत नाही. पाच-सहा वर्षांच्या नोंदी असल्या की पावसाळ्यानंतर पातळी पहिल्या जागी परत येते की नाही, ते दिसतं.

दुसरी, उपसा चाचणी. पंप बंद असताना पातळी मोजायची, मग एकाच वेगाने काही तास पंप चालवायचा, पातळी किती उतरली ते बघायचं आणि बंद केल्यावर किती वेळात भरते तेही. समजा 2,000 वस्तीचं गाव आहे. 55 लिटरने रोज 1,10,000 लिटर लागतील. बोअर मिनिटाला 200 लिटर देत असेल तर पंप सव्वानऊ तासांच्या आसपास चालवावा लागेल. उन्हाळ्यात तेच पाणी 100 लिटरवर आलं तर अठरा तासांहून जास्त. जनावरं आणि गळती यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. त्यामुळे चाचणी दिवाळीत नाही, मे महिन्यात घ्यायची.

पाणी कसं : चवीवर जाऊ नका

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 सगळ्या राज्यांना एकच आहे. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले. दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड 1 पर्यंत, नाइलाजाने 1.5. त्यापेक्षा जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर डाग पडतात, पुढे हाडं दुखावतात. नायट्रेटला 45 च्या वर सवलतच नाही, कारण त्याचा धोका तान्ह्या बाळांना असतो. ते शेतातल्या खतातून आणि शौचालयाच्या खड्ड्यातून झिरपतं.

इथे दोन गैरसमज आहेत. टीडीएसचा पेन-मीटर फ्लोराइड किंवा जंतू दाखवत नाही. आणि उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट, फ्लोराइड जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण वाढतं.

नमुना घेताना पंप थोडा वेळ चालू ठेवून पाइपमधलं शिळं पाणी जाऊ द्यावं. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली, बर्फात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत. गावातल्या किटवर शंका आली की प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यायची. कारखान्यांजवळच्या गावांनी नेहमीच्या यादीवर न थांबता जड धातूंची तपासणीही मागावी. मंजुसर-सावली पट्ट्यात औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे ही काळजी घेतलेली बरी.

मग महीचं पाणी का नको?

वडोदरा शहर फाजलपूर, पोईचा भागातल्या फ्रेंचवेलमधून महीचं पाणी घेतं. नदीच्या वाळूत आडव्या, भोकांच्या नळ्या टाकलेल्या असतात आणि वाळूतून गाळून आलेलं पाणी विहिरीत जमतं. पण तेही वर कडाणा धरणातून नदीत किती पाणी सुटतं यावर अवलंबून. नदीची योजना आली म्हणून गावाने आपली बोअर बुजवू नये. पाइप फुटला, वीज गेली की तीच कामाला येते.

गुजरातेत वास्मोच्या धर्तीवर गावोगाव पाणी समित्या आहेत, महाराष्ट्रात ग्राम पाणीपुरवठा समित्या. पुढच्या ग्रामसभेत आपल्या समितीला तीनच गोष्टी विचारा : मे महिन्यातली पातळी किती होती, उपसा चाचणी कधी झाली आणि पाण्याचा शेवटचा अहवाल कुठे लावला आहे? उत्तर वहीत लिहिलेलं नसेल, तर वही आजच घाला.